गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट: बोअर उघडण्याआधी काय तपासावं

प्रश्न असा आहे. १९९०च्या दशकातली ३५० सीसीची बुलेट, कास्ट आयर्न बोअर, बारा व्होल्टची बॅटरी, प्लगसाठी ठिणगीचा व्होल्टेज तयार करणारी कॉइल आणि तिचा करंट जोडणारे-तोडणारे सीबी पॉइंट. सकाळी दोन किकमध्ये चालू होते, पंधरा-वीस मिनिटं छान पळते, मग मिसिंग सुरू होतं, सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात आणि गाडी बंद पडते. त्यानंतर कितीही किक मारा, दाद देत नाही. अर्धा-पाऊण तास उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर नवा आणला; फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतो, बोअर (सिलिंडर) उघडून पिस्टन-रिंग बघू. त्यातच गाडी आठवडाभर उभी राहिली की पहिल्या किकनंतर निळसर धूर येतो, त्यामुळे मेकॅनिकचं म्हणणं खरं असावं असं तुम्हाला वाटतंय.

बोअर उघडू नका. निदान आत्ता तरी नको.

रिंग झिजलेली गाडी अशी वागत नाही. ती थंड असतानाच जास्त त्रास देते, किकला हलकी लागते, तेल पिते, चढाला दम टाकते. आधी उत्तम चालून मग अचानक मान टाकायची आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखं वागायचं, हे लक्षण बहुतेक वेळा अशा भागाचं असतं जो तापल्यावर काम सोडतो आणि निवल्यावर पुन्हा धरतो. असे भाग मोजकेच आहेत. पण ते शोधायचे तर गाडी बंद पडते तिथेच, इंजिन चटके देत असताना शोधावे लागतात. तुमच्या गाडीचं आजवर जे झालं ते असं: रस्त्यात बंद पडली, निवली, चालवत गॅरेजला नेली आणि तिथे चालू गाडीवर अंदाजाने एकेक भाग बदलला. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावल्यासारखं आहे हे. त्यामुळे पुढच्या वेळी घरापासून फार लांब न जाता गाडी मुद्दाम तापवा, सोबत प्लग पाना, एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, दोन हात वायर आणि दोन चिमटे ठेवा. ती बंद पडली की पहिली पाच मिनिटं तुमची. त्या पाच मिनिटांत किक मारत बसू नका.

बंद पडताना ती कशी बंद पडली हे आधी आठवा. मिसिंग होत होत, मधूनच झटका देऊन जोर धरत, फटाके फोडत बंद पडली असेल तर संशय इग्निशनवर. सायलेन्सरमधला फटाका म्हणजे न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटणं. इंजिनाने पेट्रोल घेतलं, ठिणगी आली नाही, ते तसंच बाहेर गेलं, आणि पुढच्या फायरिंगने ते पेटवलं. म्हणजे फटाका वाजला याचा अर्थ पेट्रोल येतंय. उलट गाडी हळूहळू मरगळत गेली, अ‍ॅक्सिलरेटर दिला की आणखीच बसते, कार्ब्युरेटरमधून शिंकते आणि चोक ओढला की चार पावलं पुढे जाते, असं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. तिसरा प्रकार म्हणजे कुणीतरी ब्रेक लावल्यासारखी गाडी जड होत जाते आणि थांबते. तिथे आधी क्लच दाबायचा आणि बाकी सगळं विसरून तेल बघायचं. त्याबद्दल पुढे बोलू. तुमच्या वर्णनात फटाके आहेत आणि मिसिंग आहे, म्हणून मी इग्निशनपासूनच सुरुवात करतो.

या गाडीवर एक फुकटचं तपासणी यंत्र कंपनीनेच बसवून दिलंय आणि बहुतेक जण त्याच्याकडे फक्त चार्जिंगसाठी बघतात: हेडलाइटजवळचा अ‍ॅमीटर. लाइट बंद ठेवा, चावी चालू करा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक अगदी सावकाश खाली न्या. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि सूई डिस्चार्जच्या बाजूला जाते. पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि सूई मध्यावर येते. इंजिन फिरवत राहिलात तर सूई जाते-येते, जाते-येते. गाडी तापून बंद पडलीय अशा वेळी सूई काय करते त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

सूई हलतच नाही, मध्यावर गप्प आहे, याचा अर्थ कॉइलला करंट पोहोचत नाही किंवा पॉइंटमधून अर्थ (अर्थिंग) मिळत नाही. संशयित म्हणजे इग्निशन स्विच, फ्यूज, वायरचे जोड, कॉइलची आतली तार, आणि तेलकट किंवा जळलेले पॉइंट. इथे तुमची दोन हात वायर कामाला येते. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून सरळ कॉइलच्या ज्या टर्मिनलला चावीवरून वायर येते तिथे ती जोडा आणि पुन्हा किक हळू फिरवा. ही वायर अ‍ॅमीटरला वगळून जात असेल तर सूईवर फार भरवसा ठेवू नका, सरळ ठिणगी बघा. गाडी चालू झाली तर दोष स्विचमध्ये किंवा जुन्या वायरिंगमध्ये आहे. जुन्या स्विचचे आतले पत्रे सैल होतात, तापतात आणि हँडल वळवलं की संपर्क सोडतात. अशी सरळ जोडलेली गाडी चावीने बंद होत नाही, वायर काढावी लागते, हे लक्षात असू द्या. घरी मल्टिमीटर असेल तर पॉइंट मिटलेले असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या त्याच टर्मिनलपर्यंत किती व्होल्ट गळतात ते मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती असेल तर मधल्या कुठल्या तरी जोडात कीड आहे. बारा व्होल्ट कॉइलच्या प्रायमरीचा (बॅटरीकडच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स साधारण तीन ते चार ओहम येतो. पण कॉइल मीटरवर पास झाली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. आतलं इन्सुलेशन तापल्यावर हजारो व्होल्टच्या दाबाखाली फुटतं, आणि मीटरमधल्या छोट्या सेलला ते दिसत नाही.

सूई डिस्चार्जला जाऊन तिथेच अडकली, इंजिन फिरवलं तरी परत येत नाही, असं झालं तर करंटला कुठेतरी आयता अर्थ मिळालाय. पॉइंट उघडतच नसतील, कारण त्यांची टाच झिजून गॅप संपलाय. किंवा हलत्या पॉइंटच्या स्प्रिंगखालचा फायबरचा वॉशर तुटून ती पट्टी बॉडीला लागतेय. किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. कंडेन्सरची वायर सोडवून बघा. सूई लगेच पुन्हा हलायला लागली तर चोर सापडला.

आणि तिसरी शक्यता, जी तुमच्या वर्णनाशी सगळ्यात जास्त जुळते: सूई नीट जाते-येते, पण प्लगला ठिणगी नाही किंवा अगदी मरतुकडी, पिवळसर आहे. करंट येतोय, तुटतोय, पण तुटण्यात दम नाही. हा कंडेन्सर.

कंडेन्सरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा हाताच्या बोटाएवढा डबा आजवर कितीतरी नवे कार्ब्युरेटर विकायला कारणीभूत झालाय. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. उघडणाऱ्या फटीतून तो उडी मारून वाहत राहायला बघतो. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर तो धक्का स्वतःत घेतो, फटीत आर्क होऊ देत नाही, आणि त्यामुळे कॉइलचं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं. जितकं झटक्यात कोसळेल तितका सेकंडरीत (प्लगकडच्या गुंडाळीत) जास्त व्होल्टेज तयार होतो. कंडेन्सर निकामी असेल तर करंट पॉइंटमध्येच जळत राहतो, क्षेत्र सावकाश मावळतं आणि प्लगपर्यंत पोहोचतो तो उरलासुरला जोर. या कामासाठी साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वापरतात. तो पॉइंटच्या डब्यात, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये, तापलेल्या बोअरच्या पाठीला बसलेला असतो. आतल्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन जुनं झालं की ते तापल्यावर गळायला लागतं आणि निवल्यावर पुन्हा सांभाळून घेतं. पंधरा-वीस मिनिटांचं तुमचं गणित इथे बसतं.

तपासायला सोपा आहे. संध्याकाळी अंधुक उजेडात डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून गाडी चालू ठेवा आणि पॉइंटकडे बघा. बारीक निळी टिकली दिसली तर ठीक. पिवळी, पांढरी, जाडसर ज्योत नाचत असेल तर कंडेन्सर गेला. इंजिन बंद करून पॉइंटची तोंडंही बघा: एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा, शिवाय निळसर करपलेपण, ही त्याचीच खूण. रस्त्यावर खात्री करायची तर मोटारीसाठी मिळणारा कोणताही सीबी कंडेन्सर चालतो. त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला चिमट्याने लावा, त्याचा धातूचा डबा इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टला घट्ट टेकवा. मात्र आधी जुन्याची वायर सोडवा. तो आत जोडलेलाच राहिला आणि गळत असला तर नवा कंडेन्सर काहीही करू शकत नाही आणि तुम्ही उगाच त्याला निर्दोष ठरवाल. ही अर्धवट चाचणी करून लोक सहज फसतात.

गाडी चालू झाली तर नवा कंडेन्सर पुन्हा डिस्ट्रिब्युटरमध्ये घालूच नका. कॉइलजवळ, हवा लागेल अशा जागी पट्टीने बसवा. विजेच्या दृष्टीने कॉइलचं ते टर्मिनल आणि पॉइंट एकाच वायरवर आहेत, त्यामुळे काम तेच होतं, फक्त भट्टीशेजारून सुटका होते. आणि नवा म्हणजे चांगलाच असं धरून चालू नका. चालत्या गाडीवरून उतरवलेला जुना कंडेन्सर मला दुकानातल्या पुडीतल्या नव्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

ठिणगी बघण्याच्या पद्धतीबद्दलही थोडं. प्लग काढून हेडला टेकवून ठिणगी दिसली की लोक समाधानी होतात. मोकळ्या हवेत अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडणं ही मोठी गोष्ट नाही. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतो. म्हणून एका जुन्या प्लगची बाजूची पट्टी वाकवून फट चार-पाच मिलिमीटर करून ठेवा आणि तपासणीला तोच वापरा. त्यातून निळी ठिणगी आवाज करत पडली तर इग्निशनला दोष देणं थांबवा. आणि हे करताना प्लगचं भोक कापडाने झाका किंवा तपासणीचा प्लग भोकापासून लांब टेकवा. ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनाच्या त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटायला एवढीशी ठिणगी पुरते.

आता पॉइंट आणि टायमिंग. कंडेन्सर बदलून काम झालं तरी हे करावंच लागेल, कारण जळलेल्या पॉइंटवर नवा कंडेन्सर फार दिवस सुखाने राहत नाही. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, कॅमच्या सर्वांत उंच जागी, फीलर गेजने. ब्लेडचा तुकडा, जुनं तिकीट वगैरे प्रकार बंद करा. आधी गॅप, मगच टायमिंग. हा क्रम उलटा चालत नाही, कारण गॅप हलला की टायमिंग आपोआप हलतं. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. टाच झिजत जाते तसं हे नकळत घडत राहतं: गाडी तापते, पिकअप जातो, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो, आणि मालक कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवत बसतो. कॅमवर ग्रीसचं बोट नुसतं टेकवा, जास्त नको. उडालेलं ग्रीस पॉइंटवरच जाऊन बसतं. पॉइंट घासून साफ केल्यावर कोरा जाड कागद त्यांच्यामधून ओढून घ्या.

टायमिंग या इंजिनाला पूर्ण रिटार्ड स्थितीत (ठिणगी सर्वांत उशिरा पडते तेव्हा), पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना पॉइंट उघडायला लागतील असं लावतात. ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकला हे क्रँकवर साधारण नऊ-दहा अंश भरतं. प्लगच्या भोकातून स्पोक घालून हे मोजतात, पण ते भोक तिरपं आहे आणि स्पोक डोलतो, त्यामुळे त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. पॉइंट नेमके कधी उघडतात ते नजरेने न ठरवता पुन्हा अ‍ॅमीटरच्या सूईने किंवा टेस्ट लॅम्पने ठरवा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. थोडं सरकवलं तर काय बिघडतं, असं म्हणून चालत नाही ते यामुळे.

पॉइंटच्या प्लेटखाली ऑटो अ‍ॅडव्हान्सचं (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारं) युनिट आहे, दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. कॅम बोटांनी पिळून सोडा. तो झटकन परत यायला हवा. गंजून पुढे अडकला असेल तर किक उलटी मारते आणि पायाचा घोटा जातो. मागेच अडकला असेल तर गाडी चालू सहज होते पण जोर धरत नाही आणि तापते. टायमिंग कितीही अचूक लावलं तरी हे युनिट अडकलेलं असेल तर सगळं वाया.

इग्निशनचं एवढं केल्यावर पेट्रोलकडे. तुमच्या बाबतीत हा दुसऱ्या क्रमांकाचा संशयित आहे आणि त्यातला एक बिघाड कंडेन्सरच्या लक्षणांची हुबेहूब नक्कल करतो: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजणं. पेट्रोल खाली जातं, वरून हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि काही किलोमीटरनंतर धार थांबते. उभी ठेवली की हवा कशीबशी झिरपते आणि गाडी चालू होते. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. सुस्स आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली तर प्रश्न मिटला. याला काही सेकंद लागतात, म्हणून अ‍ॅमीटरच्याही आधी हे केलंत तरी चालेल. घरी, इंजिन थंड असताना, कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धार सोडा. मिनिटाला २०० मिलिलिटरच्या आसपास येत असेल तर ३५०च्या इंजिनाला ते भरपूर आहे. मात्र झाकण लावलेलं ठेवून आणि दोन-तीन मिनिटं सलग बघा. सुरुवातीची धार सगळ्याच गाड्यांची चांगली असते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल लोक एकतर फार घाबरतात किंवा अजिबात लक्ष देत नाहीत. जुन्या रबराचे पाइप आणि कॉकचे वॉशर त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि त्यांचा काळा गाळ जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकात) येतो. टाकीत ओलावा असेल तर इथेनॉल तो धरतं आणि फार झाला की पाण्यासह खाली बसतं, नेमकं कॉकच्या तोंडाशी. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर लावलेला जेट या पेट्रोलवर थोडा पातळ पडतो (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं). वीस टक्के इथेनॉल असेल तर फरक सात-आठ टक्क्यांचा होतो. गाडी तापत असेल आणि प्लगचं टोक पांढरटलेलं असेल तर मेन जेट एक आकडा वाढवून किंवा नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन बघणं योग्य आहे. पण इग्निशन पक्कं झाल्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदल केल्यावर गाडी पुन्हा पूर्ण तापेपर्यंत चालवा. तुमच्याकडे प्लग, कॉइल आणि कार्ब्युरेटर असे तीन भाग बदलले गेलेत. त्यातला एखादा नवा भाग स्वतःच दोषी असू शकतो. जुनी कॉइल आणि जुना कार्ब्युरेटर फेकलेले नसतील तर जपून ठेवा. जुन्यात दोष नव्हता हे आता जवळजवळ नक्की आहे.

नव्या कार्ब्युरेटरचा मुद्दा निघालाच आहे तर तो बसवताना हेड आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड स्पेसर परत लावलाय ना, ते बघा. तो राहून गेला तर हेडची धग थेट फ्लोटच्या वाटीत उतरते, पेट्रोल उकळतं, आणि हाही बिघाड गरम झाल्यावरच दिसतो. फ्लँजचे दोन्ही नट जीव खाऊन आवळले असतील तर फ्लँज वाकतो आणि कडेने हवा ओढतो. आयडलिंगला इंजिन वर-खाली होत असेल तर त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच येतेय. पाणीच वापरा. पेट्रोल किंवा स्प्रे मारून बघणारे लोक आहेत आणि त्यातल्या काहींच्या भुवया नाहीत.

कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग म्हणजे फक्त बाहेरचे दोन स्क्रू, असा समज आहे. त्या स्क्रूंचा अंमल अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम आठवा हिस्सा उघडेपर्यंत. तिथून पाव उघडेपर्यंत स्लाइडचा तिरपा काप, पाव ते पाऊण नीडल आणि नीडल जेट, त्यापुढे मेन जेट. मुठीवर आणि शेजारच्या पट्टीवर खडूने रेघा मारा आणि गाडी नेमकी कुठल्या रेघेला अडखळते ते नोंदवा. अर्ध्या मुठीला अडखळणाऱ्या गाडीचा एअर स्क्रू फिरवून हाती काही लागणार नाही.

आता यांत्रिक भाग, म्हणजे तुमच्या मेकॅनिकचा आवडता. तापून बंद पडल्यावर डीकॉम्प्रेसर न दाबता किकवर पायाचं वजन टाका. थंड असताना जसा अडसर लागतो तसाच लागला तर कॉम्प्रेशन आहे, विषय संपला. किक घसरल्यासारखी खाली गेली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट, बघा. या इंजिनाच्या पुशरॉड अ‍ॅल्युमिनिअमच्या आणि बोअर बिडाचा आहे; टॅपेट थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला ठेवून, शून्य गॅपवर लावतात. पुशरॉड दोन बोटांनी सहज गरगर फिरली पाहिजे पण वर-खाली खेळायला नको. टॅपेटचा आवाज नको म्हणून कुणीतरी ती आवळून ठेवलेली असते. मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो, त्यामुळे न टेकणारा व्हॉल्व्ह तापतो आणि कडेने जळत जातो. थोडा टकटक आवाज ऐकून घ्या. डीकॉम्प्रेसरची केबलही बघा. तिला थोडा ढिलेपणा हवाच, नाहीतर तो व्हॉल्व्ह सतत किंचित उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन फुसफुसत जातं.

आणि किक उलट जड लागली, जाम झाल्यासारखी, तर पिस्टन बोअरमध्ये धरतोय. तेल संपत आलंय, ठिणगी मागे पडलीय, मिश्रण पातळ आहे, किंवा नुकताच बोअर केलेला असून क्लिअरन्स कमी ठेवलाय. अशा वेळी गाडी थंड होऊन पुन्हा चालू होते म्हणून चालवत राहणं महागात पडतं. तेल वर पोहोचतंय का हे बघायला आयडलिंगवर हेडच्या रॉकरला जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बँजो बोल्ट किंचित सैल करा. तेल पाझरलं पाहिजे. नाही पाझरलं तर इंजिन लगेच बंद करा आणि पंप तपासल्याशिवाय चालवू नका.

राहिला तुमचा धूर. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं. पहिल्या किकला ते वर उडतं, निळा धूर निघतो, आणि रिटर्न पंपाने ते परत ओढलं की काही मिनिटांत धूर थांबतो. म्हणूनच आठवड्याने गाडी काढली की थंड इंजिनावर तेल कमी दिसतं. ते बघून वरून तेल ओतू नका. दहा मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबा आणि मग पातळी बघा. जास्त भरलेलं तेल ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं आणि मग ‘इंजिन तेल टाकतंय’ म्हणून बोअर उघडायला आणखी एक निमित्त मिळतं. धूर सतत येत असेल तर तो कधी येतो ते मागच्या गाडीवाल्याला बघायला सांगा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दिला की भपकन येतो, तर व्हॉल्व्हचे गाईड. जोर लावताना सतत येतो, तर रिंगा. रिंगांवर संशय असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन तेल सोडा, दोन-चार वेळा इंजिन फिरवा आणि किकचा अडसर पुन्हा बघा. तो ठळकपणे वाढला तरच सिलिंडरचे नट सोडवायचा विषय काढा.